बोलता बोलता ऐकणे : हौशी रेडिओच्या रिपीटरमधील विलगतेच्या प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना संदेश दूरवर पोहोचविणाऱ्या साधनांकडे अभ्यासकांचे लक्ष साहजिकच जाते. मोर्सची तार, मार्कोनीचे बिनतारी यंत्र, आर्मस्ट्राँग यांचे कंप्रता-विरूपण यांविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र संदेश नको तेथे पोहोचू नये यासाठी जी साधने निर्माण झाली, त्यांचा इतिहास बव्हंशी तांत्रिक नियतकालिकांच्या पानांतच राहिला. प्रस्तुत लेखात अशाच एका साधनाचा व त्यामागील प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. प्रश्न असा की, एकाच ठिकाणी, एकाच वेळी बोलणारे व ऐकणारे यंत्र आपल्याच आवाजाने बहिरे होऊ नये यासाठी काय करावे? हौशी रेडिओच्या रिपीटरमध्ये हा प्रश्न अत्यंत तीव्र स्वरूपात उभा राहतो, म्हणून विवेचनाचा केंद्रबिंदू तोच ठेवला आहे. प्रश्न स्वतः मात्र रिपीटरपेक्षा सुमारे शंभर वर्षांनी जुना आहे.

प्रश्नाचे स्वरूप

रिपीटर म्हणजे डोंगरमाथ्यावर अथवा उंच इमारतीवर बसविलेले असे केंद्र, जे हातातील लहान संचाकडून आलेला दुर्बळ संदेश एका कंप्रतेवर ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर मोठ्या शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करते. दोन मीटर पट्ट्यात, म्हणजे भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या मर्यादेत, या दोन कंप्रतांमधील अंतर रूढीने ६०० किलोहर्ट्झ असते. कंप्रतेच्या मानाने हे अंतर अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

आता परिमाणे पाहू. चांगला ग्राही ०.२ मायक्रोव्होल्ट इतका क्षीण संकेत ओळखू शकतो. ५० ओहमच्या वाहिनीवर ही शक्ती सुमारे उणे १२१ डीबीएम भरते. त्याच्या शेजारी असलेला प्रक्षेपक ५० वॅट, म्हणजे अधिक ४७ डीबीएम शक्ती सोडत असतो. दोहोंमधील तफावत १६८ डेसिबल आहे. दर दहा डेसिबलला दसपट या हिशेबाने प्रक्षेपकाची शक्ती ग्राहीला ऐकू येणाऱ्या संकेताच्या सहाशे कोटी-कोटी पट होते. ढोल वाजत असताना शेजारच्या खोलीतील कुजबुज ऐकणे ही उपमा येथे फारच सौम्य ठरावी.

बिघाड दोन मार्गांनी होतो आणि या दोहोंमधील भेद समजल्याशिवाय पुढील इतिहास उलगडत नाही. पहिला मार्ग असा की, प्रक्षेपकाची प्रबळ वाहक लहर ग्राहीच्या पहिल्या टप्प्यात शिरते व तेथील विवर्धकाला संपृक्त करते. ग्राही दुसऱ्याच कंप्रतेला लावलेला असला तरी त्याची संवेदनक्षमता घटते. दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. कोणताही प्रक्षेपक केवळ आपल्या नेमलेल्या कंप्रतेवरच शक्ती सोडीत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना क्षीण असा गोंगाट दूरवर पसरलेला असतो व त्याचा काही अंश नेमका ग्राहीच्या कंप्रतेवर पडतो. पहिल्या बिघाडाला ग्राहीच्या दारात गाळणी बसवून आवर घालता येतो. दुसऱ्याला येत नाही, कारण तो गोंगाट ग्राहीला हव्या असलेल्या संकेताच्याच कंप्रतेवर असतो आणि गाळणीला दोहोंत भेद करता येत नाही. तो गोंगाट प्रक्षेपकाच्या दारातच अडवावा लागतो. थोडक्यात, बोलणाऱ्यानेही संयम पाळला पाहिजे आणि ऐकणाऱ्यानेही कान झाकले पाहिजेत. सामान्य ५० वॅटच्या रिपीटरला दोन्ही बाजूंनी मिळून ८० ते ९० डेसिबल विलगता लागते.

ही विलगता अपुरी पडली तर रिपीटर बंद पडत नाही, आणि खरा धोका तोच आहे. त्याचा आवाज पंचक्रोशीत खणखणीत ऐकू येतो. त्यामुळे तो उत्तम चालला आहे असा सर्वांचा समज होतो. दरीतून दोन वॅटच्या संचावर बोलणारा मनुष्य मात्र त्याला ऐकूच येत नाही, किंवा ऐकू येऊन रिपीटर बोलू लागताच पुन्हा हरवतो. इंग्रजी भाषक हौशी मंडळी अशा रिपीटरला 'मगर' म्हणतात, कारण तोंड मोठे आणि कान नाहीत. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपानंतर दूरध्वनी यंत्रणा कोलमडली असता हौशी रेडिओ चालकांनी संदेशवहनाचे जे कार्य केले ते सर्वश्रुत आहे. अशा प्रसंगी लहान बॅटरीवर चालणारा दुर्बळ संच हाच बहुतेकांच्या हाती असतो. रिपीटरचे कान किती तीक्ष्ण आहेत याला त्या वेळी प्रत्यक्ष महत्त्व येते.

तारेतील पूर्वेतिहास

एकाच वाटेवर बोलणे व ऐकणे हा प्रश्न प्रथम तारायंत्राच्या काळात उद्भवला. तार महाग होती. एका तारेवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश जाऊ शकले तर तिची उपयुक्तता दुप्पट होणार होती. १८५३ मध्ये व्हिएन्ना येथे विल्हेल्म गिंट्ल यांनी या दिशेने प्रयत्न केला. व्यवहारात यश आले ते अमेरिकेत जे. बी. स्टर्न्स यांना, १८७२ मध्ये. त्यांची युक्ती अशी होती : पाठविणाऱ्या टोकाला खऱ्या तारेची एक कृत्रिम प्रतिकृती रोध व धारित्र यांच्या साहाय्याने बनवावी आणि जाणारा प्रवाह खरी तार व ही प्रतिकृती यांत समसमान विभागावा. स्वतःच्या यंत्रावर या दोन प्रवाहांचे परिणाम परस्परांना रद्द करतात, त्यामुळे आपला संदेश आपल्याला ऐकू येत नाही. समोरून आलेला प्रवाह मात्र यंत्रातून एकाच बाजूने जातो आणि नोंदला जातो. भारतीय तार खात्यातील लुई श्वेंडलर यांनी १८७४ च्या सुमारास या द्विमार्गी तारेचा गणिती सिद्धान्त बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून मांडला होता, ही बाब आपल्याकडील विज्ञानेतिहासात क्वचितच नमूद होते.

समतोलाची ही कल्पना पुढे दूरध्वनीच्या रिपीटरमध्ये आली. बिनतारी क्षेत्रात मात्र ती दीर्घकाळ रुजू शकली नाही. तारेची प्रतिकृती बनविता येते, आकाशाची कशी बनवावी? वारा, पाऊस, शेजारचा मनोरा, पक्ष्यांचा थवा या साऱ्यांनी अँटेनाची अवस्था बदलते आणि समतोल ढळतो. १६८ डेसिबलच्या तफावतीत समतोल हजारात एक अंशाने ढळला, तर केवळ ६० डेसिबल विलगता हाती उरते.

अंतराचा उपाय : खडकी आणि दौंड

बिनतारीच्या आरंभकाळी उपाय सरळ होता : दोघांना दूर ठेवावे. मार्कोनी कंपनीने आयर्लंडमधील क्लिफडन येथील अटलांटिकपार प्रक्षेपण केंद्रासाठी लेटरफ्रॅक येथे वेगळे ग्राही केंद्र उभारले. वेल्समध्ये कार्नार्व्हनला प्रक्षेपण व टाविन येथे श्रवण अशी विभागणी झाली. या परंपरेचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्रात घडले आहे. जुलै १९२७ मध्ये भारत व इंग्लंड यांच्यामध्ये लघुतरंगांची 'बीम' सेवा सुरू झाली. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीच्या या सेवेचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे व ग्राही केंद्र दौंड येथे होते. इंग्लंडमध्येही ग्रिम्सबीजवळून प्रक्षेपण आणि स्केगनेसजवळ श्रवण अशीच रचना होती. खडकी व दौंड यांमध्ये सुमारे पाऊणशे किलोमीटरचे अंतर आहे. पुण्याच्या परिसराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या जोडगोळीकडे लष्करी किंवा साम्राज्यिक दळणवळणाच्या दृष्टीनेच पाहिले आहे, आणि ते गैर नाही. परंतु एका सेवेसाठी दोन गावे का लागली, याचे उत्तर राजकारणात नसून ग्राहीच्या बधिरतेत आहे. १९४७ मध्ये ही सेवा शासनाच्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे आली, तेव्हाही विलगतेचे हे तत्त्व व्यवहारात होतेच.

हौशी मंडळींनीही प्रारंभी हाच मार्ग धरला. अमेरिकेत १९५० च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरात आर्ट जेन्ट्री यांनी के६एमवायके हा रिपीटर चालविला. हौशी रिपीटरच्या इतिहासात आद्य म्हणून सामान्यतः त्याचा निर्देश होतो. पुढील दशकात रिपीटरांची संख्या वाढू लागली तेव्हा अनेक गटांनी ग्राही एका टेकडीवर व प्रक्षेपक दुसऱ्या टेकडीवर ठेवून दोहोंना तारेने किंवा वेगळ्या रेडिओ दुव्याने जोडले. किती अंतर पुरेसे होते? अभियंत्यांमध्ये रूढ असलेल्या अनुभवसूत्रानुसार दोन अँटेना एकाच पातळीवर आडव्या अंतराने ठेवल्या, तर ८८ डेसिबल विलगतेसाठी दोन मीटर पट्ट्यात सुमारे चार किलोमीटर अंतर लागते. त्याच दोन अँटेना एकाच खांबावर एकीखाली एक ठेवल्या तर सुमारे ६३ मीटर पुरतात. कारण उभी अँटेना क्षितिजाकडे जोमाने प्रक्षेपण करते, पण थेट वर व थेट खाली जवळजवळ काहीच पाठवीत नाही. त्या शांत कोपऱ्यात दुसरी अँटेना लपविता येते. तथापि ६३ मीटर अंतर ठेवता येईल असा मनोरा हौशी मंडळाला कोण देणार? शिवाय वरची व खालची अँटेना सारख्या क्षेत्रावर पोहोचत नाहीत, त्यामुळे रिपीटरला ऐकू येणारी गावे आणि त्याचा आवाज पोहोचणारी गावे वेगवेगळी होतात. दोन जागा, दोन वीजजोडण्या, दोन कुलपे हा व्याप वेगळाच.

कालविभागाचा उपाय

दरम्यान रडारमध्ये हाच प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला होता. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत लिओ यंग व रॉबर्ट पेज यांनी १९३६ मध्ये एकाच अँटेनावरून स्पंद सोडणे व प्रतिध्वनी ऐकणे शक्य करणारी 'डुप्लेक्सर' ही योजना सिद्ध केली. पुढे महायुद्धकाळात ब्रिटनमध्ये सेंटिमीटर तरंगांसाठी ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत वायुभरित नलिकेचा स्विच तयार झाला. प्रबळ स्पंद येताच नलिकेतील वायू आयनीभूत होऊन ग्राहीचे दार बंद होई आणि स्पंद सरताच ते पुन्हा उघडे. रडार बोलताना ऐकत नाही व ऐकताना बोलत नाही. त्याची सोडवणूक काळाच्या विभागणीत आहे. रिपीटरला ही सवलत नाही. त्याला प्रत्येक क्षणी दोन्ही करावयाचे असते. रडारकडून हौशी रेडिओने 'डुप्लेक्सर' हा शब्द घेतला, वस्तू मात्र वेगळी बनविली. एकाच नावाखाली दोन भिन्न तत्त्वे वावरत असल्याने विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो व पाठ्यपुस्तके तो दूर करीत नाहीत.

काळाची विभागणी हौशी क्षेत्रात अगदीच आली नाही असे नाही. बोलणे ध्वनिमुद्रित करून वक्ता थांबल्यावर त्याच कंप्रतेवर परत ऐकविणारे 'पोपट' रिपीटर आहेत. ते स्वस्त पडतात, परंतु प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावे लागते आणि आणीबाणीत ती चैन परवडत नाही.

तांब्याची पिंपे

निर्णायक उपाय कंप्रतेच्या विभागणीतून आला. त्याची सैद्धान्तिक पूर्वपीठिका लॉर्ड रॅले यांच्या १८९७ च्या पोकळ नळीतील तरंगांविषयीच्या विवेचनापर्यंत मागे नेता येते. १९३४ मध्ये फ्रेडरिक टर्मन यांनी अनुस्पंदी वाहिन्यांचा रेडिओ मंडलांत वापर कसा करावा हे दाखविले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनफर्ड येथे विल्यम हॅन्सन यांच्या पोकळी अनुस्पंदकाच्या आधारे व्हॅरियन बंधूंची क्लायस्ट्रॉन नलिका जन्मली. सामान्य वेटोळे व धारित्र यांचे मंडल विजेचा बराच अंश उष्णतेत गमावते, त्यामुळे त्याची निवडक्षमता शेकड्यांच्या घरात राहते. तांब्याच्या रुंद नळीत मध्यभागी दांडा बसवून केलेला पाव-तरंग अनुस्पंदक ती हजारांच्या घरात नेतो. १४६ मेगाहर्ट्झला पाव तरंग म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर. म्हणून दोन मीटर पट्ट्याच्या डुप्लेक्सरला पिंपांच्या रांगेचे रूप येते. ते रूप पाहून प्रथम भेटीत कोणालाही त्याचा रेडिओशी संबंध जाणवत नाही.

प्रत्येक पिंप एका कंप्रतेला जाऊ देते व दुसरीला खोल खड्ड्यात टाकते. प्रक्षेपकाच्या बाजूची पिंपे प्रक्षेपणाची कंप्रता सोडतात व ग्राहीच्या कंप्रतेवरील गोंगाट गिळतात. ग्राहीच्या बाजूची नेमके उलट करतात. मधे योग्य लांबीच्या तारांनी दोन्ही बाजू एका अँटेनाला जोडल्या की एकाच अँटेनावर काम भागते. याची किंमत म्हणजे दीड डेसिबलच्या आसपासची हानी, म्हणजे प्रक्षेपकाच्या शक्तीपैकी तीन दशांश भाग पिंपांतच उष्णता होऊन जातो.

व्यावसायिक भ्रमणरेडिओत अशी साधने प्रचलित होती, परंतु ती हौशी मंडळांच्या खिशाबाहेरची होती. अमेरिकेत १९६० च्या दशकात व्यावसायिक सेवांना अरुंद विरूपणाकडे वळावे लागले, तेव्हा जुने संच मोठ्या प्रमाणावर मोडीत निघाले आणि हौशी मंडळींच्या हाती आले. रिपीटरांचा सुळसुळाट झाला तो यामुळे. संच स्वस्त मिळाले, पिंपे मात्र मिळेनात. १९७२ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने हौशी रिपीटरांसाठी स्वतंत्र नियम केले. त्याच वर्षी 'क्यूएसटी' या मासिकात तांब्याच्या नळ्यांपासून सहा पिंपांचा डुप्लेक्सर घरी कसा बनवावा याचा आराखडा प्रसिद्ध झाला. माझ्या मते रिपीटरच्या प्रसाराच्या दृष्टीने नियमांइतकाच हा आराखडा महत्त्वाचा आहे. नळकाम करणाऱ्याकडे मिळणारा माल, डाख देण्याचे कौशल्य व पुरेशी चिकाटी एवढ्या भांडवलावर कारखान्यातील वस्तूच्या जवळ जाणारी वस्तू घरच्या घरी तयार होऊ लागली.

तापमानाचा प्रश्न येथे विशेष उद्बोधक आहे. तांबे दर अंशाला दहा लाखांत सुमारे १७ भाग प्रसरण पावते. मधला दांडा तांब्याचा असेल आणि पहाटे ते दुपार तापमान ३० अंशांनी वाढले, तर पिंपाची कंप्रता सुमारे ७४ किलोहर्ट्झ घसरते. ६०० किलोहर्ट्झच्या अंतरात ही घसरण विलगतेचा खड्डा जागेवरून हलविण्यास पुरेशी आहे. यावर तोड निघाली ती इन्व्हार या लोह-निकेल मिश्रधातूने. शार्ल एदुआर ग्वियोम यांनी मापनाच्या प्रमाणांसाठी १८९६ मध्ये तो शोधला व त्या कार्यासाठी १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळविले. त्याचे प्रसरण तांब्याच्या चौदाव्या हिश्शाएवढे आहे. दांड्याची लांबी धरून ठेवण्याचे काम इन्व्हारकडे दिले की ७४ किलोहर्ट्झची घसरण पाचाच्या आसपास येते. मीटरपट्टीसाठी शोधलेला धातू डोंगरमाथ्यावरील पिंपात असा उपयोगी पडला.

सहा दशांशाचा करार

६०० किलोहर्ट्झ हे अंतर निसर्गाने ठरविलेले नाही. ते अधिक असते तर पिंपे लहान व सोपी झाली असती. सत्तर सेंटिमीटर पट्ट्यात अमेरिकेत हे अंतर पाच मेगाहर्ट्झ आहे आणि तेथील डुप्लेक्सर हातात मावतो. परंतु दोन मीटर पट्ट्यात युरोप व भारत यांच्याकडे अवघी दोन मेगाहर्ट्झची जागा आहे, आणि तिच्यात रिपीटरबरोबरच मोर्स, उपग्रह व साधे संभाषण यांनाही सामावून घ्यावयाचे आहे. तेव्हा अंतर आखूड ठेवून पट्टा वाचविला गेला व त्याचा भार रिपीटर बांधणाऱ्यावर पडला. सार्वजनिक साधनसंपत्ती वाचविण्याचा खर्च थोड्या स्वयंसेवकांनी तांब्याच्या रूपाने भरला, असा या कराराचा अर्थ लावता येतो.

प्रगतीनेही हा भार हलका केला नाही. जुने प्रक्षेपक स्फटिकाच्या कंप्रतेचे गुणन करीत आणि बऱ्यापैकी स्वच्छ असत. १९७० च्या दशकानंतर कंप्रता-संश्लेषक आले. एका खुंटीवर शेकडो कंप्रता मिळू लागल्या, परंतु वाहक लहरीच्या आसपासचा गोंगाट वाढला. कित्येक मंडळांनी जुना संच काढून नवा बसविल्यावर रिपीटर अधिक बहिरा झाल्याचा अनुभव घेतला, तो यामुळे.

पिंपांपलीकडचे शत्रू

डुप्लेक्सर उत्तम असूनही बधिरता राहते, तेव्हा शोध अन्यत्र घ्यावा लागतो. यासाठीची कसोटी साधी आहे. क्षीण संकेत ग्राहीला द्यावा, प्रक्षेपक चालू-बंद करावा आणि संकेतातील फरक ऐकावा. मग अँटेनाच्या जागी निष्क्रिय भार जोडून तीच कसोटी पुन्हा घ्यावी. भार जोडल्यावर बधिरता गेली तर दोष पिंपांत नाही, तो अँटेना, तिची तार किंवा मनोरा यांत आहे. एकपदरी जाळीच्या तारेतून शक्ती झिरपते, म्हणून डुप्लेक्सरच्या जोडण्यांना दुपदरी जाळीची तार वापरतात. मनोऱ्याचा गंजलेला बोल्ट सदोष डायोडप्रमाणे वागतो व स्वतःच गोंगाट निर्माण करतो. कोकणच्या खाऱ्या हवेत किंवा सह्याद्रीच्या चार महिन्यांच्या पावसात लोखंडाचे काय होते हे येथील वाचकांना सांगावयास नको. एकाच डोंगरावर अनेक संस्थांचे प्रक्षेपक दाटीने उभे असतील तर त्यांच्या लहरी परस्परांच्या प्रक्षेपकांत शिरून नव्या कंप्रता जन्मास घालतात. त्यावर फेराइटचा एकदिशी विलगक बसवितात. या साधनाची वाट बेल प्रयोगशाळेतील सी. एल. होगन यांच्या १९५२ च्या कार्याने मोकळी केली.

समतोलाचे पुनरागमन

एकविसाव्या शतकात स्टर्न्सची कल्पना परतली. २०१० मध्ये स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी एकाच कंप्रतेवर एकाच वेळी बोलणारे व ऐकणारे बिनतारी यंत्र करून दाखविले, आणि २०१३ मध्ये तेथील दुसऱ्या प्रबंधात आपल्याच संकेताचे ११० डेसिबलपर्यंत निरसन साध्य झाल्याचे नोंदविले गेले. कृत्रिम तारेची जागा येथे संगणनाने घेतली आहे. आकाशाची प्रतिकृती क्षणोक्षणी नव्याने मोजली जाते व वजा केली जाते. मात्र हे प्रयोग वायफायच्या अल्प शक्तीवरचे आहेत. तेथे प्रक्षेपकाची शक्ती मिलिवॅटमध्ये मोजतात, रिपीटरमध्ये ती दहा वॅटांत मोजतात. अंकीय आवाजाचे रिपीटर आले, एका वाहिनीत दोन कालखंड बसविणारी डीएमआर ही पद्धत २००५ मध्ये प्रमाणित झाली, तरी त्यांचेही प्रक्षेपण व श्रवण सामान्यतः दोन कंप्रतांवरच एका वेळी चालते. त्यामुळे त्यांच्याही कपाटात तीच सहा पिंपे उभी असतात, आणि ती नव्याने जुळवावयाची असली तर अजूनही कोणाला तरी मापनयंत्र खांद्यावर टाकून डोंगर चढावा लागतो.